भैरूची लेक

शेवंती खोटं सांगते, हे विश्राम कंकला दरडीच्या ढिगाऱ्यावर कळलं नाही. ते कळलं नंतर, घरामागच्या वावरात, लख्ख उन्हात.

ढिगाऱ्यावर त्याने तिला नेहमीसारखंच मोकळं सोडलं होतं. त्या वर्षांत घाटातल्या दरडी इतक्या वाढल्या होत्या की प्रत्येक तालुक्याला शोधकुत्र्यांचं पथक लागायचं. यंत्राची नाकं निघाली होती, ड्रोनमधून जमिनीखालची ऊब दिसायची. पण ओला चिखल, कुजका पाला आणि वरून पाऊस असला की ती सगळी यंत्रं गोंधळून जायची. कुत्रं गोंधळत नसे. लॅब्रॅडोर आणि डोंगरातली गावठी कुत्री यांच्या संकरातून घाटमाथ्याच्या केंद्राने एक नवा वाणच घडवला होता, आणि विश्राम तिथला जुना हँडलर होता.

तांबटमाळ नावाच्या वस्तीवर डोंगराची कूस खाली आली, तेव्हा पहिले पोहोचले तो आणि त्याची कुत्री शेवंती. एका म्हाताऱ्याने हात करून सांगितलं, "माझी सून न् नात चुलीपाशी होत्या. चूल ती तिथं, फणसाच्या अंगाला."

शेवंती चिखलावरून फिरली. थबकली. वळून विश्रामकडे बघितलं, आणि फणसाच्या अंगाला जाऊन बसून भुंकली.

तिथे खणलं. दुपारपर्यंत खणलं. चूल निघाली, भाकरीचा तवा निघाला. माणूस निघालं नाही. मायलेकी होत्या पलीकडे, गोठ्याच्या बाजूला. त्या दाखवल्या चिपळूणहून मागाहून पोहोचलेल्या तांबडी नावाच्या कुत्रीने. नात जिवंत होती. सून नव्हती.

त्या रात्री विश्राम जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही धड जेवला नाही. शेवटी बायकोला, सरूला, तो म्हणाला, "माझा घामाचा सदरा घे आणि वावरात कुठंतरी पूर. कुठं ते मला सांगू नको."

"आणि कुणाला सांगू? ढेकळांना?"

"सरू, पूर गं."

तिने पुरला. शेवंती सुटली, सऱ्यांमधून पळाली, आणि पुन्हा पुन्हा वळून विश्रामच्या तोंडाकडे बघू लागली. विश्रामला जागा माहीत नव्हती. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. ती उगीचच एका बांधाजवळ बसली. मग त्याने सरूकडून जागा विचारून घेतली आणि कुत्रीला परत सोडलं. या वेळी ती सरळ तिथे गेली. तिसऱ्यांदा तो पाठमोरा उभा राहिला. शेवंती त्याला वळसा घालून पुढे आली आणि मान वर करून त्याचा चेहरा शोधू लागली.

विश्राम बांधावर बसला. तिचं नाक गेलं होतं. कधी गेलं कोण जाणे. तिला हुंगता येत नव्हतं, म्हणून ती त्याला वाचत होती. त्याला जिथे हवं असेल तिथे बसत होती. तांबटमाळला त्याच्या मनात चूल होती.

"हिला कळत नाही व्हय आपण चुकतोय ते?" सरूने विचारलं.

"तिला एवढंच कळतं, की मी खूश झालो पाहिजे."

*

केंद्रात डॉक्टर स्वरा मुळ्ये नावाची तिशीतली मुलगी जनुकांचं काम बघायची. विश्रामने स्वतः जाऊन तिला सांगितलं. असं सांगणं म्हणजे आपल्या कुत्र्याची नोकरी आपल्या हाताने घालवणं. पण तांबटमाळनंतर त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. स्वराने शेवंतीच्या मुलानातवंडांची परीक्षा घेतली. पाच वर्षांवरच्या जवळजवळ सगळ्यांची नाकं मंदावत चालली होती. प्रत्येक कुत्रं हुशार होतं, प्रत्येकाने ते लपवलं होतं.

"आता आपण मागे जाऊ," स्वरा म्हणाली. "हे आलं कुठून ते जुळणी सांगेल."

जुळणी हे तिच्या यंत्राचं नाव. ते मेलेल्या कुत्र्यांचा जनुकसंच परत मांडायचं.

"मेलेल्याचं रक्त कुठून आणणार, बाई?"

"त्याच्या पोरांकडून. काका, पिल्लू अर्धं बापाचं असतं, अर्धं आईचं. पण अर्धं म्हणजे कुठलं अर्धं, ते नशीब. एकाला हे मिळतं, दुसऱ्याला ते. म्हणून मेलेला बाप एका पिल्लात पुरता सापडत नाही, पण सगळ्या पोरानातवंडांत मिळून तो असतो. समजा एक फोटो फाटला आणि तुकडे घराघरांत गेले. जुळणी तुकडे गोळा करून फोटो परत लावते."

"आणि कुठल्या घरात कुठल्या फोटोचा तुकडा, हे कसं कळतं?"

"वंशावळीवरून. तुम्ही लोकांनी इतकी वर्षं लिहून ठेवलीत ना, कोण कुणाचं, त्यावरून."

मग त्याने मनातलं विचारलं. "एवढं सगळं वाचता येतं, तर पिल्लाची लाळ घेऊन सरळ का नाही सांगत, याचं नाक जाणार का राहणार?"

"जे दोष आधी सापडलेत ते सांगता येतात. हा नवा आहे. कोट्यवधी अक्षरांत एखादं अक्षर चुकलंय, आणि कुठलं ते अक्षराकडे बघून कळत नाही. कुणाचं नाक गेलं, कुणाचं राहिलं, आणि ती एकमेकांची कोण, हे सगळं एकत्र ठेवलं तरच ते सापडतं. नात्याशिवाय माझ्याकडे नुसती अक्षरांची रद्दी आहे."

जुळणीने उत्तर दिलं. दोष आला होता शेवंतीच्या बापाकडून. भैरूकडून.

*

भैरू विश्रामचा पहिला कुत्रा. एका गावात पडलेल्या इमारतीतून माणसं काढताना त्याच्यावर स्लॅब आला. विश्राम बाहेर दोरी धरून उभा होता. दोरी एकदम सैल पडली, ते त्याच्या तळहाताला अजून आठवायचं.

केंद्रात एक रीत होती. कामावर कुत्रं गेलं, की त्याच्या हँडलरला पिंजऱ्यांच्या पायरीवर बसवायचं, मांडीवर टॉवेल पसरायचा, आणि गेलेल्या कुत्र्याच्याच रक्ताचं पिल्लू त्यात घालायचं. त्याला सगळे ओटी म्हणत. कुणी सुरू केली, कुणाला ठाऊक नव्हतं. भैरू गेल्यावर विश्राम पंधरवडाभर, त्याच्या पिल्लांची चौकशी सोडली तर, कुणाशी बोलला नव्हता. तेव्हाच्या डॉक्टर शिराळकरबाईंनी त्याची ओटी भरली आणि म्हणाल्या, "घे. भैरूची लेक." ती शेवंती. तिने टॉवेलातच मुतून घेतलं होतं, आणि विश्राम बऱ्याच दिवसांनी हसला होता.

आता जुळणी म्हणत होती, दोष भैरूचा. केंद्राच्या समितीने ठरवायला घेतलं की भैरूचा सगळा वंश कामावरून आणि पैदाशीवरून काढायचा. सगळा म्हणजे तांबडीसुद्धा. भैरू पूर्वी एकदा चिपळूणच्या पथकाकडे पैदाशीसाठी गेला होता. तांबडी त्याची तिकडची नात. आणि तांबडी गाभण होती.

तिची हँडलर नसीम परकार नमुना द्यायला घाट चढून आली, ती आधी विश्रामकडेच गेली.

"काय हो कंकभाऊ, तुमचा भैरू आमच्याकडे एकदा पाहुणा आला, मटण खाऊन गेला, आणि आता त्याचं बिल माझ्या तांबडीच्या नावावर?"

"मी काय बोलू, नसीमबेन."

"बोलू नका. बघा." तिने खिशातला हातरुमाल विश्रामच्या हातात दिला, तांबडीला गाडीत बसवलं आणि दार लावून घेतलं. "लपवा कुठेही. मला सांगू नका, तुम्हीपण तिच्याकडे बघू नका."

विश्रामने तो जुन्या विटांच्या ढिगाच्या तळाशी खुपसला आणि झाडाकडे तोंड करून उभा राहिला. मागे पावलांचा आवाज झाला, विटा खसखसल्या, एक भुंकणं. वळून बघितलं तर तांबडी पोटाचा भार सांभाळत ढिगाशी बसली होती. तिने एकदाही कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

"शेवंतीपेक्षा फार लहान नाही ही," नसीम म्हणाली. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "हिची पिल्लं लोकांच्या गॅलरीत उशा फाडत मोठी होणार म्हणे. तांबटमाळची ती पोरगी हिनं काढली, भाऊ. तुम्ही होतात तिथं."

"होतो," विश्राम म्हणाला.

*

तांबडीचा नमुना जुळणीत घातल्यावर स्वराने विश्रामला बोलावलं. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. काही पटत नसलं की ती तशी बसायची.

"प्रत्येक प्राण्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक बापाची. तिसरी असूच शकत नाही. शेवंतीच्या पोरांवरून मी भैरू मांडला. मग तांबडी आणि तिची भावंडं त्यात मिळवली. आता भैरूकडे एकेका जागी तीन-तीन प्रती निघताहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी एका कुत्र्याचा नाही, दोन कुत्र्यांचा फोटो लावलाय. काका, शेवंती आणि तांबडी, दोघी भैरूच्या वंशातल्या असूच शकत नाहीत. एक कुणीतरी नाही."

विश्रामला आधी बरं वाटलं. कसलं बरं, ते त्याने तपासलं नाही.

"समितीला वाटतं, तांबडीच खोटी," स्वरा म्हणाली. "शेवंतीचा गोतावळा मोठा, तिची नोंद आपल्या केंद्राची. चिपळूणचं तेव्हा सगळं ढिलं होतं म्हणतात. तसं धरलं तर तांबडीचा आजा अज्ञात, आणि अज्ञात आजा असलेली कुत्री पैदाशीला चालत नाही. म्हणजे तिचं तसंही संपलं. पण मला भीती दुसरीच आहे."

"कसली?"

"समजा, खोटी शेवंती असली. मग हा दोष भैरूचा नाहीच. तो दुसऱ्या कुठल्यातरी घरातून आलाय. आणि त्या घरातली कुत्री आज डोंगरात कामावर आहेत, हँडलरच्या तोंडाकडे बघत बसताहेत, आणि त्यांच्यावर कुणाचा संशयसुद्धा नाही. मी त्यांचे नमुनेही मागवलेले नाहीत. का मागवीन?" तिने पाय खाली घेतले. "शेवंती जन्मली तेव्हाचं कोण आहे, काका, ज्याला विचारता येईल?"

एकच माणूस होतं. विश्राम म्हणाला, "बघतो."

*

शिराळकरबाई निवृत्त होऊन वाईला राहत होत्या. विश्राम एस.टी.ने गेला. बाई ओसरीवर कढीपत्ता निवडत होत्या. गुडघे गेले होते, नजर शाबूत होती.

"विश्राम, वाळलास. शेवंती कशी आहे?"

त्याने सगळं सांगितलं. नाकाचं, तांबटमाळचं, तीन प्रतींचं. त्या ऐकत होत्या आणि पानं देठापासून वेगळी करत होत्या. मग त्यांचा हात थांबला.

"भैरूची पिल्लं गंगीच्या पोटात होती," त्या म्हणाल्या. "तू पायरीवर बसून असायचास, तेव्हा ती व्याली. आणि मग पिल्लांत पार्वो रोगाची साथ आली. गंगीची सगळी गेली, विश्राम. एकही राहिलं नाही."

विश्रामने पाटीतून गळालेलं एक पान उचलून परत ठेवलं.

"त्याच सुमाराला साळी व्याली होती. काळ्यापासून. पलीकडच्या पिंजऱ्यात. मी तिचं एक उचललं. रोज सकाळी तू विचारायचास, बाई, डोळे उघडले का भैरूच्या पिल्लांनी? मी तुला काय सांगणार होते? एक मादी तशीच होती, भुरकी, छातीवर पांढरं. मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय. एक माणूस उठून उभा राहील. आणि उभा राहिलास की नाही?"

"राहिलो, बाई."

"तोंडानं तुला सांगितलं, तिथं थांबायला हवं होतं. पण तू वंशावळीचा कागद मागितलास, फ्रेम करायला. मग तसंच लिहिलं. एका घरात फ्रेम लागेल एवढंच तेव्हा डोळ्यांपुढे होतं. पुढं कुणी यंत्र करून त्या फ्रेमीवरून माणसं वाचवायला जाईल, हे कुठं माहीत." त्यांनी कढीपत्त्याची पाटी बाजूला सारली. "माहीत नाही असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. रिकाम्या जागेनं कुणी फसत नाही."

अंगणात उन्हं उतरत होती. विश्रामने विचारलं, "साळीची बाकीची पिल्लं?"

"जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. चांगली निपजली. त्यांची पोरं अजून कामावर असतील." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी लिहून देते. द्यायलाच हवं. पण आधी तुझ्या तोंडून ऐकू दे. तुझ्या घरात ती भैरूची आहे. ते मी काढून घेणार, तर तुला न विचारता कशी घेऊ? एकदा न विचारता दिलं, तेवढं पुरे."

परतीच्या गाडीत विश्राम खिडकीशी बसला. त्याला कुणी काही करायला लावत नव्हतं. घरी जाऊन म्हणता आलं असतं, बाईंना आठवत नाही, वय झालं. शेवंती भैरूची राहिली असती, भिंतीवरची फ्रेम राहिली असती. फक्त भैरूच्या माथी दोष राहिला असता. आणि तांबडीची पिल्लं. आणि कुठल्याशा डोंगरात कुणी हँडलर, आपल्या कुत्र्यावर जीव टाकणारा, चुलीकडे बघत उभा.

त्याला वाटलं, भैरूचं नाव धुवायचं तर भैरूशी असलेलं आपलं नातं सोडावं लागणार. दोन्ही हातांत धरून ठेवता येणार नाही. आणि मग त्याला शिराळकरबाईंचा राग यायला हवा होता, पण डोळ्यांपुढे आली ती शेवंती, मान वर करून त्याचा चेहरा शोधणारी. बाईंनी तरी दुसरं काय केलं होतं. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला हवं होतं तिथे बोट ठेवलं.

वरच्या वळणावर गाडी थांबली तेव्हा त्याने बाईंना फोन लावला.

"लिहा, बाई. साळी आणि काळ्या. मीपण सही करतो."

"बरं," बाई म्हणाल्या. "जेवून घे हो."

*

साळीच्या वंशातल्या कुत्र्यांचे नमुने जिल्ह्याजिल्ह्यांतून आले. शेवंतीचा गोतावळा त्यांत ठेवल्याबरोबर तीन प्रतींचा घोळ मिटला. जुळणीने काळ्या मांडला, साळी मांडली, आणि दोष साळीच्या बाजूने उतरल्याचं दाखवलं. खरी नाती मिळाल्यावर ते चुकलेलं अक्षरही हाती लागलं. आता लहानशा पिल्लाच्या लाळेवरून सांगता येणार होतं. साळीच्या वंशातली कामावर असलेली सहा कुत्री तपासली, त्यांतल्या चौघांची नाकं गेलेली निघाली. त्यांच्या हँडलरांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. एकजण तर स्वराशी भांडायला उठला. विश्रामने त्याला बाजूला नेलं, त्याच्या कुत्र्यासमोर पाठमोरं उभं केलं, आणि स्वतः लांब जाऊन थांबला. त्या माणसाला थोडा वेळ एकटं सोडायला हवं, हे त्याला ठाऊक होतं.

भैरू निर्दोष ठरला. तांबडी कामावर राहिली, आणि व्याली. नसीमने फोन केला.

"कंकभाऊ, टॉवेल घेऊन या. एक मादी तुमच्यासाठी ठेवली आहे. या वेळी खरी, डॉक्टरबाईंनी लाळ घेऊन सांगितलंय, भैरूचीच पणती. कान तर काय, रेडिओच्या अँटेनासारखे."

विश्राम चिपळूणला गेला. टॉवेल नेला नाही. पिल्लाला उचलून बघितलं, तेव्हा ते त्याच्या अंगठ्याला चघळत राहिलं. भैरूही तसाच करायचा, की सगळीच पिल्लं तसं करतात, हे त्याला नक्की आठवेना. त्याने ते नसीमच्या हातात परत दिलं.

"एखाद्या नव्या पोराला द्या. धावणाऱ्या. माझ्या घरी कुत्री आहे."

"ती भैरूची नाही ना आता."

"नाही," विश्राम म्हणाला. "साळीची आहे."

घरी आला तेव्हा सरूने भिंतीवरची फ्रेम काढून पुसून परत लावली होती. आतला कागद बदललेला होता. स्वराने नवा पाठवला होता. खाली एक ओळ तिने आपणहून घातली होती: नोंद दुरुस्त केली, हँडलरच्या संमतीने. विश्रामने ती वाचली आणि मागच्या दाराने वावरात गेला.

शेवंती मागोमाग आली. नोकरी सुटल्यापासून तिचं काही खरं नव्हतं. सकाळी पट्टा तोंडात धरून दारात बसायची आणि कुणी नेत नाही म्हटल्यावर दुपारी उठायची. विश्रामने खांद्यावरचा पंचा काढला, तिला घराकडे तोंड करून बसवलं, आणि पंचा आंब्याच्या खोडामागे ठेवला.

"शोध," तो म्हणाला.

ती सुटली. सऱ्यांमधून पळाली, बांधापाशी थांबली, जमिनीला नाक लावून बराच वेळ हुंगत राहिली. तिला काही सापडत नव्हतं. मग तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

विश्रामने आंब्याकडे बघितलं. अगदी उघड, मान वळवून बघितलं.

शेवंती धावत गेली, पंचा तोंडात धरून आली, आणि शेपटी हलवत त्याच्या पुढ्यात बसली. सरू दारातून बघत होती.

"सापडला का?"

"सापडला की," विश्राम म्हणाला. त्याने पंचा घेतला, शेवंतीच्या कानामागे खाजवलं, आणि तो परत लपवायला निघाला. हे काही कुठे लिहायचं नव्हतं.